दुनळीवरचं नाव

आमच्या घरात बंदूक आली ती उकड्या तांदळाच्या गोणीबरोबर. आत्या कणकवलीहून रातराणीनं निघून सकाळी बोरीवलीला उतरली आणि तिथून रिक्षानं चारकोपला आली. गोणी रिक्षावाल्यानं उचलली, कोकमाच्या सोलांचा डबा मी घेतला, पण गोधडीत गुंडाळलेली ती लांब वस्तू मात्र तिनं कुणाच्या हातात दिली नाही. आई भाकरतुकडा घेऊन दारात उभी होती. आत्या म्हणाली, "थांब गो सुमन, आदी ही खय ठेवू ता सांग." मग ती तशीच आत आली, एका हातानं गोधडी धरून दुसऱ्या हातानं पाय धुतले आणि कॉटखाली पार भिंतीला टेकवून बंदूक ठेवली. पोलीस ठाण्याची परवानगीची चिठ्ठी तिनं पोलक्यात ठेवली होती. ती काढून तिनं देवाच्या फळीवर हळदीकुंकवाच्या कोयरीखाली सरकवली. एवढं झाल्यावर तिनं चहा मागितला.

ती बंदूक माझ्या आजोबांची. बारा बोअरची दुनळी. शेत राखण्यासाठी म्हणून सरकारनं कधीकाळी त्यांना परवाना दिला होता. आत्या बंदूक घेऊन आली त्याच वर्षी थंडीत आजोबा गेले होते. परवाना त्यांच्या नावावर असला तरी शेवटची वीस-बावीस वर्षं बंदूक चालवली ती आत्यानंच, आणि परवान्यावर खाली बारीक अक्षरांत वापरणारी म्हणून तिचं नावही होतं. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला, सासरच्यांनी परत पाठवलं, तेव्हापासून शेवंती आत्या गावच्या घरात. आजी गेली, आजोबा अंथरुणाला खिळले, कुणग्यांमध्ये, म्हणजे भाताच्या खाचरांत, रानडुकरं शिरू लागली, दिवसा वानरं. ते सगळं तिनं एकटीनं पाहिलं. तिचे दोन्ही भाऊ मुंबईत. थोरले आमचे मोठे काका, भावंडांचे दादा, बोरीवलीला राहणारे, आणि धाकटे माझे वडील. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. आत्या त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी; दोघेही भाऊ तिला 'बाय' म्हणत. शाळेत जाताना ओढा आला की ती त्यांना पाठीवर घेऊन पलीकडे सोडायची, हे अण्णांनी आम्हाला इतक्यांदा सांगितलं होतं की पुढे पुढे मी आणि माझा धाकटा भाऊ राजू मिळून ते वाक्य त्यांच्या आधीच पूर्ण करायचो.

अण्णा नाव घालणारे होते. बोरीवली स्टेशनाजवळच्या एका भांड्यांच्या दुकानात, दाराशी एका स्टुलावर बसून ते गिऱ्हाइकांच्या पातेल्यांवर, ताटांवर, हंड्यांवर नावं घालायचे. विजेचं छोटं यंत्र असतं ना, भुंग्यासारखं गुणगुणणारं, त्यानं. 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ', 'मामा-मामींकडून सप्रेम भेट'. संध्याकाळी घरी आल्यावरसुद्धा त्यांच्या उजव्या हाताला बारीक कंप असायचा, कपबशी वाजायची. पण ही त्यांची खरी कला नव्हती. त्याआधी ते गिरणीत खोदकाम खात्यात होते. छापील साड्यांची नक्षी ज्या तांब्याच्या रुळांवरून कापडावर उतरायची, ते रूळ कोरणाऱ्या मोजक्या माणसांपैकी एक. गिरणी बंद पडली, आम्ही परळची खोली सोडून चारकोपला आलो, आणि हातानं कोरायच्या कलमांची पेटी कपाटाच्या वर गेली. तेव्हाचं चारकोप म्हणजे नुसते सेक्टरांचे आकडे, अर्धी बांधलेली घरं आणि पलीकडे खाडीची तिवरं. आता माझ्या खिडकीतून मेट्रोचे खांब दिसतात. तेव्हा संध्याकाळ झाली की कोल्हे ओरडायचे, आणि आत्या ते ऐकून म्हणायची, "ह्या बरा असा, माका घरात असल्यासारख्या वाटता."

आत्या महिनाभर राहिली. घराचा वासच बदलला. सकाळी पेज, दुपारी तांदळाची भाकरी आणि सुक्या बांगड्याची किसमूर, रात्री कुळथाची पिठी. दुपारी कोळीण टोपली घेऊन यायची. आत्या तिच्याशी अशी काही भांडायची की आई लाजून आत जायची, आणि भांडण संपलं की दोघी दाराशी बसून पान खायच्या. आत्या जोरात बोलायची, जोरात चालायची. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी आईला विचारलं होतं, "तुमच्याकडे कोणी पुरुष पाहुणे आलेत का?"

बंदूक दुसऱ्याच दिवशी दुरुस्तीसाठी चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत सलीमभाईंच्या गाळ्यात गेली. सलीमभाई बंदुका दुरुस्त करायचा सरकारी परवाना असलेले म्हातारे कारागीर. अण्णांची आणि त्यांची ओळख अशीच, छिन्न्या-कलमांना धार लावून घेण्यातून झालेली. त्यांनी बंदूक मोडून नळीतून उजेडाकडे पाहिलं, घोडे मागे ओढून बघितले, लाकडी दस्त्यावर अंगठा फिरवून नाकाशी नेला.

"खोबरेल किसने लगाया?"

"मी," आत्या म्हणाली.

"बाई, बंदूक आहे ती. केस नाही."

"म्हणानच तर गळान पडूक नाय अजून," आत्या म्हणाली, आणि सलीमभाई इतके हसले की त्यांना खोकला आला.

नळ्या चांगल्या होत्या. एक घोडा ढिला होता, चापाची कमान थकली होती, दस्त्याला टाचेपाशी चीर गेली होती आणि सगळीकडे चिकट काळं किटण. सलीमभाई म्हणाले, बंदूक गाळ्याबाहेर जाणार नाही, आणि नंबराला कुणी हात लावायचा नाही. बाकी काय करायचं ते करा. अण्णांनी त्यांना हळूच विचारलं, "घोड्यांच्या बाजूच्या पोलादी पाट्या कोऱ्या आहेत. मी कोरू?" त्या रात्री कपाटावरची पेटी खाली आली.

त्यानंतरचा महिना अण्णा दुकानातून परस्पर गाळ्यात जायचे. मीही कचेरीतून सुटल्यावर कधीकधी तिथे डोकवायचे. सलीमभाई जवसाचं तेल तळहातानं दस्त्यात जिरवत बसलेले, आणि कोपऱ्यातल्या दिव्याखाली अण्णा, डोळ्याला भिंग लावून, जीभ किंचित बाहेर काढून, पोलादावर कलम चालवताना. यंत्राचा आवाज नाही, फक्त हातोडीची टिकटिक, तीही मध्येच थांबणारी. त्यांचा हात थरथरत नव्हता. माझ्या जन्मापासून मी अण्णांना थकलेलंच पाहिलं होतं. या दिव्याखालचा माणूस मला नवीन होता. एका पाटीवर त्यांनी शेवंतीची फुलं काढली, एकात एक गुंतलेली, पूर्वी साड्यांच्या काठावर काढायचे तशी. दुसऱ्या पाटीवर भाताची लोंबी आणि तिच्याआड एक रानडुक्कर. दस्त्यावर बसवायला चांदीची लहान पट्टी केली होती. तिच्यावर फक्त 'शेवंती', सुंदर वळणदार अक्षरांत. आडनाव नाही, 'श्रीमती' नाही. "बंदुकीवर नाव तिचंच पाहिजे," ते म्हणाले. "राखली तिनं."

त्या अण्णांवर मी आजही रागवू शकत नाही. आणि तरी पुढे जे झालं, ते झालं.

मी तेव्हा वीस वर्षांची होते. मराठी टायपिंगची परीक्षा पास होऊन बोरीवलीत एका वकिलांकडे टंकलेखिका म्हणून लागले होते. खरेदीखतं, भाडेकरार, प्रतिज्ञापत्रं. माझा हात वेगवान होता आणि चूक सहसा होत नसे, त्याचा मला भलता गर्व. एका शनिवारी मोठे काका माझ्या टेबलापाशी आले. दोन कागदांचे मसुदे त्यांनी हातानं लिहून आणले होते. पहिला, बंदुकीचा परवाना बहिणीच्या नावावर करायला आम्हा दोघा भावांची काही हरकत नाही, असं संमतीपत्र. दुसरं हक्कसोडपत्र. गावच्या शेतातला आणि घरातला आपला वारसाहक्क शेवंती हिनं दोन्ही भावांच्या लाभात सोडून दिला. "पटकन मारून दे गं नलू," काका म्हणाले. "उद्या जेवायला तुमच्याकडेच आहे सगळं. सही तिथेच घेऊ, नोंदणी गावी करू." अशी पत्रं मी आठवड्याला दोन-तीन तरी टाइप करत असे. नावं बदलायची, गट नंबर बदलायचे, बाकी मजकूर बोटांना पाठ. मी दोन्ही कागद अर्ध्या तासात दिले. काका खूश झाले, "एकही खाडाखोड नाही! झकास!" म्हणाले, आणि मीही खूश झाले.

रविवारी सकाळी सगळे गाळ्यावर गेलो. सलीमभाईंनी बंदूक हिरव्या कापडावर ठेवली होती. आत्यानं ती उचलली, मोडली, नळ्यांतून पाहिलं, बंद केली, खांद्याला लावली. ती बंद होतानाचा आवाज आता वेगळा होता, घट्ट. मग तिनं ती खिडकीपाशी नेऊन पाट्या पाहिल्या. बराच वेळ पाहिल्या. फुलांवरून बोट फिरवलं. डुकरापाशी आल्यावर म्हणाली, "वसंता, ह्यो डुक्कर नाय. ह्यो बोको असा."

"सोळाव्या वर्षी गाव सोडलं, बाय. आठवणीतून काढलाय," अण्णा म्हणाले. सगळे हसलो. चांदीच्या पट्टीवरचं नाव मी तिला वाचून दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं. तिनं पदरानं पट्टी पुसली, अण्णांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "बरा केलंस." अण्णांचे डोळे भरून आले होते. माझेही.

घरी जेवणं झाली. आईनं वडे-सागोती केली होती. आत्या पानाला चुना लावत बसली आणि मोठ्या काकांनी पिशवीतून कागद काढले. "बाय, दोन कागद आहेत, एकावर आमच्या सह्या. दुसऱ्यावर तुझा अंगठा चालेल."

"आमच्या नलूनच लिवल्यान मा? मगे तीच वाचून दाखवंदे," आत्या म्हणाली.

पहिला कागद मी मोठ्यानं, ठसक्यात वाचला. आत्या मान डोलवत होती. दुसरा वाचायला घेतला. 'मी, शेवंती, लिहून देते की.' तिसऱ्या ओळीशी माझा आवाज उतरला. टाइप करताना मी हे वाचलंच नव्हतं. 'सदर मिळकतीवर माझा वा माझ्या वारसांचा कोणताही हक्क राहणार नाही. हे पत्र मी कोणाच्याही दबावाखाली न येता, कोणताही मोबदला न घेता, राजीखुशीने लिहून देत आहे.'

आत्यानं पान तसंच हातात धरलं होतं. "राजीखुशीन म्हणजे कोणाच्या खुशीन गो?"

 काका म्हणाले, "अगं, तशी भाषाच असते कागदाची. सगळ्या बहिणी देतात. तुला काय कोणी घराबाहेर काढतंय? मरेपर्यंत रहा. आणि बंदूक दिली ना तुला. वसंतानं महिनाभर डोळे फोडून काम केलंय तिच्यावर."

"म्हणजे ही माझी साडी-चोळी," आत्या म्हणाली.

 आमच्याकडे बहीण हक्क सोडते तेव्हा भाऊ तिला साडी-चोळी करतो. ते तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मला वाटतं, अण्णांना ते तोपर्यंत स्वतःलाही कळलं नव्हतं. त्यांचा चेहरा एकदम उतरला.

"वसंता, तू सांग," आत्या त्यांच्याकडे वळली. "ही बंदूक तू माका ह्याच्यासाठी नटवलंस?"

अण्णा खाली बघत होते. त्यांनी फक्त 'नाही' म्हणायचं होतं. त्यांनी मोठ्या काकांकडे पाहिलं आणि पुन्हा खाली पाहिलं.

"नाव घालुचा आसात तर सातबाऱ्यार घाल," आत्या म्हणाली. आवाज चढला नव्हता, आणि तिच्या बाबतीत ते जास्त भयंकर होतं. "बंदुकीर घालून माका काय करूचा? वीस-बावीस वर्सां मी ती बिननावाचीच चालवलंय. डुकरांका माझा नाव म्हायत असा."

"आता वाद नको हं, बाय," काका म्हणाले. "लोक काय म्हणतील?"

"लोक माका काय घालतत जेवूक?" ती उठली. "बंदूक थयसरच ऱ्हवांदे. जेच्या नावान सातबारो, तेना डुकरां राखूची."

दुसऱ्या दिवशी ती गेली. अण्णा तिला सोडायला एस.टी. स्टँडवर गेले. परत आले ते दुकानात न जाता घरीच बसून राहिले. ती त्यांना म्हणाली होती, 'नाव खोडून टाक', आणि ते एवढंच म्हणू शकले होते, 'खोदलेला खोडूक येयत नाय, बाय.' हे त्यांनी मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

आईनं त्या दिवशी काहीच म्हटलं नाही. मला वाटायचं, तिला राजूच्या वाट्याची काळजी असणार, म्हणून ती गप्प. नवरात्राच्या सुमारास गावच्या शेजाऱ्यांचं पत्र आलं. पिकलेल्या भातात डुकरं शिरली, ओढ्याकडचे तीन कुणगे लोळवले. शेवंतीबाई डबे बडवत, कंदील घेऊन फिरते, पाय मुरगळलाय. अण्णांनी पत्र वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. आई भाकरी थापत होती. ती परातीतून हात न काढता म्हणाली, "मीही दिलाय लिहून, माझ्या भावांना. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी. मला कुणी वाचूनसुद्धा दाखवलं नव्हतं. भाऊबीजेची साडी समजून मी घडी मोडली, नंतर कळलं ती कशाची होती ते." मग भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, "तुम्ही जा गावी. राजूचं राजू बघेल."

मग नवा कागद मी टाइप केला. तलाठ्याकडे द्यायचा वारस नोंदीचा अर्ज, आजोबांच्या मागे तीन वारस, तीन नावं. आयुष्यात मी इतक्या सावकाश काही टाइप केलं नसेल. अण्णांनी सही केली आणि तो घेऊन स्वतः बोरीवलीला मोठ्या काकांकडे गेले. तासाभरानं परत आले. काय झालं, आम्ही विचारलं नाही. चपलेचा अंगठा तुटला होता आणि ते अनवाणीच जिना चढून आले होते.

काकांनी हरकत घेतली. प्रकरण तहसीलदारापर्यंत गेलं, तारखा पडल्या, आणि बंदुकीच्या संमतीपत्रावरही त्यांनी वर्षभर सही केली नाही. मी त्यांना वाईट माणूस म्हणणार नाही. आम्ही परळ सोडलं तेव्हा पहिले सहा महिने आमच्या घरात तांदूळ त्यांनीच भरला होता. त्यांना खरंच वाटत होतं की घरात फूट पडतेय आणि ती अण्णांनी पाडली. माझ्या लग्नाला ते आले नाहीत. काकी आल्या, मागच्या रांगेत बसल्या आणि अक्षता टाकून गेल्या.

अखेर नाव लागलं. परवानाही झाला. पुढच्या पिकाच्या आधी आत्या चारकोपला आली ती सरळ सलीमभाईंच्या गाळ्यावर, आणि बंदूक घेऊन त्याच दिवशी परत निघाली. यावेळी अण्णा आणि मी तिच्याबरोबर गेलो. वाटेत ती खिडकीशी बसून गोधडीतली बंदूक मांडीवर आडवी धरून होती. अण्णा तिच्या शेजारी. सबंध प्रवासात दोघं जेमतेम चार वाक्यं बोलले असतील.

गावी सकाळी धुकं होतं. ओढ्यापलीकडून वानरं उतरली तशी आत्यानं बांधावर उभं राहून आकाशात एक बार काढला. आवाज डोंगरापर्यंत जाऊन परत आला. मी कानांवर हात घेतले, अण्णांनीही घेतले. आत्यानं बंदूक मोडली, धूर फुंकला, दवानं ओली झालेली फुलं लुगड्याला पुसली. त्या नक्षीत चिखल जाणार, ओरखडे पडणार, हे अण्णांना दिसत होतं. 

मग शेतातल्या मांगरात पेज वाढून घेताना आत्यानं विचारलं, "त्या दिसा तू बोललंस कित्या नाय?"

अण्णांनी वाडगा पुढे केला. "भियालंय," ते म्हणाले.

"कोणाक? दादाक?"

"हां. आणि तुकाय."

आत्यानं त्यांच्या वाडग्यात आणखी एक पळी पेज ओतली, वर सुक्या बांगड्याचा तुकडा ठेवला. "मीय भियालंय हुतंय," ती म्हणाली. "तू नाय म्हणतलंस आणि मी इस्वास ठेवन अंगठो देतलंय, म्हणान." अण्णांनी मान वर केली नाही, पण त्यांचा हात वाडग्यावर थांबला होता. मी बाहेर बघत राहिले. तेवढ्यात मांगराच्या कौलांवर धपधप आवाज झाला. वानरं परत आली होती. आत्या अर्ध्या पेजेवरून उठली, बंदूक घेऊन बाहेर गेली, आणि अण्णाही वाडगा तसाच ठेवून तिच्या मागोमाग उठले.